सफरचंदं आणि समोरचीची रिंग

माझं एका बाईशी वैर होतं. होतं म्हणजे आहेच, पण आता ती एका गावात आणि मी दुसऱ्यात, त्यामुळे त्याला पूर्वीसारखा रोजचा व्यायाम मिळत नाही. पूर्वी मिळायचा. फरीदाबादच्या एका नव्याने वसलेल्या सेक्टरमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, तिचं दार आणि माझं दार समोरासमोर होतं आणि मधे जेमतेम चार पावलांची जागा. त्या चार पावलांत आम्ही काय काय केलं ते आठवलं की मला आजही भूक लागते.

आमच्या घरात तिला ‘समोरची’ म्हणत. ती मला भाभीजी म्हणायची, आणि इतक्या गोडव्याने म्हणायची की ऐकल्यावर चूळ भरावीशी वाटे. ती करोल बागेत जन्मलेली, तिथेच वाढलेली. लग्न होऊन फरीदाबादला यावं लागलं याचं दुःख तिने कधी लपवलं नाही. तिच्या लेखी जगातली प्रत्येक चांगली वस्तू करोल बागेत मिळायची, आणि बाकी ठिकाणी तिची नक्कल. मी पुण्याची. म्हणजे माझ्याही लेखी असं एक गाव होतंच. त्यामुळे आम्ही एकमेकींना पहिल्या दिवशीच ओळखलं.

तरी वैराला निमित्त लागतं. ते एका शब्दाने दिलं.

माझा नवरा तिथल्या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होता. एका रविवारी तो सकाळपासून खाली आवारात स्कूटर उघडून बसला होता. समोरची दारात आली आणि म्हणाली, “आज भाईसाहब नहीं दिख रहे?”

“खाली हैं,” मी म्हटलं.

आता मराठीत खाली म्हणजे खाली. हिंदीत खाली म्हणजे रिकामा, बेकार. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण तोंड पुण्याचं होतं.

“अच्छा?” तिचा आवाज एकदम मऊ झाला. “कब से?”

“सुबह से. अब तो दिन भर खाली ही रहेंगे.”

“हाय. आप सँभाल लेंगी?”

“मुझे क्या सँभालना है,” मी मोठ्या आनंदाने म्हटलं. “उनको तो खाली ही अच्छा लगता है.”

संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांना कळलं की मराठनच्या नवऱ्याची नोकरी गेली आणि ती हसत होती. दुसऱ्या दिवशी नवरा कामावरून परत येत असताना तळमजल्यावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून हिंमत रखो म्हणून सांगितलं. त्याला वाटलं, माझ्याबद्दल बोलतायत.

आता तुम्ही म्हणाल, गैरसमज झाला बिचारीचा. मुळीच नाही. तिला नक्की कळलं होतं. तिच्या खिडकीतून स्कूटर दिसत होती, स्कूटरशेजारी माझा नवरा दिसत होता, आणि त्याच्या हातातला पानाही दिसत होता. पण मी तेही पोटात घातलं असतं. घातलं नाही, कारण पुढच्याच वर्षी कारखान्यात परदेशी भागीदार आला. ते दिवसच तसे होते. रोज कुठेतरी कोणीतरी परदेशी येत होतं आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. भागीदाराने पहिलं काम केलं ते माझ्या नवऱ्याचा विभाग बंद करण्याचं. नवरा खरोखरचा खाली झाला, तिच्या भाषेतला. मला भागीदाराचा राग आला नाही. तो कुठे राहतो हेही मला माहीत नव्हतं. समोरची मात्र समोरच राहत होती.

“मैंने तो तभी कहा था,” ती जिन्यात कोणाला तरी म्हणाली.

त्या दिवसापासून मी घराबाहेर हिंदीचा एक शब्दही दोनदा तपासल्याशिवाय तोंडातून काढेना. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

सोसायटीच्या फाटकाजवळ एक खोली होती. दुधाच्या केंद्रासाठी बांधलेली. दूध आलंच नाही; सिमेंटची फुटकी पोती आणि चाक नसलेली एक सायकल तिथे राहत होती. कमिटीने ठरवलं की ही खोली सोसायटीतल्याच कोणाला तरी खाण्यापिण्याचं छोटं दुकान काढायला द्यायची. मला ती हवी होती. साधी हवी नव्हती, दात दुखताना लवंग हवी असते तशी हवी होती. नवरा घरी बसून दिवसातून चार वेळा वर्तमानपत्र घडी करत होता, मुलगी चौथीत होती, आणि मला स्वयंपाकाशिवाय दुसरं काही बऱ्यापैकी येत नव्हतं. दुसरी उमेदवार कोण ते सांगायला नको.

सेक्रेटरीसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. निर्णय घ्यायची वेळ आली की त्यांना पाणी प्यावंसं वाटे. त्यांनी तोडगा काढला. जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी बागेत, उन्हात, सगळ्यांनी एकत्र जेवायचं. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा. एकच पदार्थ दोन घरांनी आणायचा नाही. फलकावर कागद लावलाय, त्यावर लिहा. “बाकी,” ते आम्हा दोघींकडे पाहून म्हणाले, “खाकर देखेंगे.”

मी शेव आणणार हे उघड होतं. माझ्या सासूबाईंनी लग्नात दिलेला पितळी सोऱ्या होता, आणि माझी ओवा-लसणाची शेव खाऊन पुण्यातले लोकही बरी आहे म्हणाले होते, यापुढे काय सांगू. मी कागदावर लिहिलं: गरम मसाला शेव. ताजी, गरम, मसाल्याची. मग थबकले. शेव? हिंदीत शे कुठे असतो? हे लोक से म्हणतात. उद्या समोरची सगळ्यांसमोर वाचून दाखवेल, शेव, शेव, आणि हसेल. मी ‘शे’ खोडला आणि सुवाच्य अक्षरात ‘से’ काढला. गरम मसाला सेव. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. काय शुद्ध दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी ती जिन्यात भेटली.

“भाभीजी, आपका आइटम पढ़ा. बहुत बढ़िया. ठंड में गरम-गरम सेव, दालचीनी डाल के. कश्मीरी लेंगी कि शिमले वाले?”

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. दिल्लीकडच्या तोंडात सेब मऊ होऊन सेव होतो. सेव म्हणजे सफरचंद.

“वो वाला सेव नहीं,” मी म्हटलं. “बेसन का.”

“बेसन का तो नमकीन हुआ.” तिने डोळे मोठे केले. “नमकीन तो मैंने लिख दिया है, भाभीजी. आपके नीचे ही. एक चीज़ दो घर से नहीं, रूल है.”

मी फलकाकडे धावले. माझ्या सुवाच्य सेवच्या खाली, त्याहून सुवाच्य: नमकीन, घर का बना. मग सेक्रेटरीसाहेबांकडे गेले. ते पाणी पीत होते.

“अब तो सबने पढ़ लिया है,” ते म्हणाले. आणि मग आवाज खाली आणून, “देखिए, मेरे नए दाँत लगे हैं. दो साल से सेव नहीं खाया. मुलायम रहेगा न?”

म्हणजे खोली आणि मी यांच्यामधे आता एक उकडलेलं सफरचंद होतं. पुण्यात आम्ही सफरचंद फक्त आजारी माणसाला भेटायला जाताना विकत घ्यायचो. शिजवायची वेळ कधी आली नव्हती.

मी ठेल्यावरून सफरचंदं आणली आणि इथल्यांसारखी, डाळ घालावी तशी, थेट कुकरमध्ये घातली. पाणी, साखर, दालचिनी. तीन शिट्ट्या.

“हे काय आहे?” नवऱ्याने विचारलं.

“सफरचंद.”

“कुठे?”

मुलीने चमचा बुडवून बघितला. ती दिल्लीकडे वाढलेली. सफरचंद हा तिला चंद्राचाच एखादा प्रकार वाटायचा. “आई, हे बिल्कुल बेबी फूड आहे, यार,” ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेला पाणी कमी घातलं. साखर करपली, आणि कुकर घासायला दोन दिवस लागले. तिसऱ्या खेपेला वरून गुळगुळीत आणि आतून कच्चं. समोरचीला हे सगळं वासावरून कळत होतं. चौथ्या दिवशी सकाळी ती दार उघडं टाकून, आतल्या कोणाशी तरी बोलल्यासारखं करत म्हणाली, “ये मराठी लोग खाना पकाते कहाँ हैं जी. कुकर में डिब्बा, डिब्बे में डिब्बा. टिफ़िन गरम करते हैं बस.”

मी माझं दार आपटलं, आणि आपटता आपटता माझ्या डोक्यात उजेड पडला. खरंच की. आपण कुकरमध्ये कुठे शिजवतो? आपण कुकर लावतो. तळाला पाणी, वर वरणाचा डबा, त्यावर भाताचा. शिजणाऱ्याला पाणी लागत नाही, आच लागत नाही, नुसती वाफ. मी चार दिवस माझ्याच कुकरपाशी पाहुणी होऊन, इथल्यांच्या रीतीने स्वयंपाक करत होते.

“अहो,” मी हाक मारली, “घड्याळ घेऊन या.”

नवऱ्याने वर्तमानपत्राची पाचवी घडी अर्धवट टाकली. पुढचे दोन दिवस तो माणूस मी बऱ्याच महिन्यांनी पाहिला. त्याने ठेल्यावरची सगळ्या जातींची सफरचंदं दाबून पाहिली आणि मोठी लालभडक बाजूला सारून छोटी, कडक, आंबूस निवडली. अर्धी कापायची, बिया काढून खळगा करायचा. खळग्यात गूळ, चार बेदाणे, दालचिनी, लवंगेची पूड, सुंठ, तुपाचा थेंब आणि जायफळ. जायफळ माझं. पुरणात चालतं ते इथेही चालेल म्हणून. एक शिट्टी, मग बारीक गॅसवर चार मिनिटं, मग बंद, आणि वाफ आपणहून जिरू द्यायची. शिट्टी उचलायची नाही. उचलली की आतला रस एकदम उसळतो आणि साल फाटते. हे त्याने एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. डबा उघडला तेव्हा अर्धी सफरचंदं गुळाच्या पाकात सरळ बसली होती, आणि चमचा लावला की शहाण्यासारखी वाकत होती.

रविवार उजाडला. पन्नास अर्धी करायची होती, कुकरच्या चार खेपा. पहिली लावली आणि वाफ चहूबाजूंनी फुसफुसायला लागली. शिट्टी होईना. झाकण काढून बघितलं तर रिंगला बोटभर चीर. बाजार अकराच्या आत उघडत नव्हता, आणि जेवण एकला. आमच्या मापाचा, आमच्याच कंपनीचा कुकर मला माहीत असलेल्या एकाच घरी होता.

समोरची त्या वेळी घरात नव्हती. तिला सकाळी सकाळी पर्स अडकवून जिना उतरताना मी खिडकीतून पाहिलं होतं. घरात तिची सासू होती. तिला सगळे माताजी म्हणत. माताजी आणि सून यांचं नातं असं होतं की त्यापुढे आमचं वैर म्हणजे मैत्रीच.

“माताजी, कुकर का रबर चाहिए. दो घंटे के लिए.”

“बहू से पूछा?”

“नहीं.”

“तो ले जा,” माताजी म्हणाल्या, आणि स्वतः उठून झाकणातून रिंग काढून दिली. देताना गालातल्या गालात हसल्या. “राजमा भिगो के गई है. आके चढ़ाएगी.”

तीन खेपा देखण्या झाल्या. चौथी चढली. साडेबारा वाजत आले होते. शिट्टी झाली, मी गॅस बारीक केला, चार मिनिटांनी बंद केला, आणि त्याच वेळी समोरचं दार उघडल्याचा आवाज आला. मग आत भांडी आपटल्याचा. मग माताजींचा सावकाश आवाज. मग माझ्या दारावर थापा.

ती तशीच आत आली, थेट स्वयंपाकघरात. पर्स खांद्यावर, हातात पिशवी.

“मेरा रबर निकालो.”

“निकालती हूँ. प्रेशर उतरने दो.”

“अभी निकालो. मेरा राजमा कच्चा पड़ा है.”

“प्रेशर में कैसे खुलेगा?”

“सीटी उठाओ, खुल जाएगा.” तिने माझ्याच ओट्यावरचा चिमटा उचलला.

मी कुकरपुढे उभी राहिले. समजा, तिने तेव्हा शिट्टी उचलली असती तर शेवटची बारा अर्धी फाटली असती, तेवढीच ताटं रिकामी राहिली असती, आणि त्यातलं एक ताट कमिटीच्या टेबलावरचं असतं. तिला हे कळत होतं. मी तिच्या डोळ्यांत बघत होते, आणि बघता बघता माझी नजर खाली गेली, तिच्या पिशवीत. पिशवीतून पुठ्ठ्याचे दोन खोके डोकावत होते. त्यांवर सोनेरी अक्षरांत मिठाईवाल्याचं नाव, आणि नावाखाली पत्ता. करोल बाग.

“घर का बना?” मी विचारलं.

तिने पिशवी मागे नेली. उशीर झाला होता.

मी स्टूल पुढे सरकवलं. ती बसली. मी कुकरला टेकून उभी राहिले, जितकं टेकता येतं तितकं, कारण तो तापलेला होता. भिंतीवर नवऱ्याचा कागद, समोर माझी वैरीण, मधे हळूहळू जिरणारी वाफ.

“आपको क्या ज़रूरत है कमरे की,” ती म्हणाली. “आपके मिस्टर तो घर पर हैं, खाली. वो कर लें कुछ.”

“आपके मिस्टर तो नौकरी पर हैं. फिर आपको क्या ज़रूरत?”

तिने चिमटा ओट्यावर ठेवला. मग दाराकडे मान वळवून, पलीकडे माताजी टीव्ही लावून बसल्या होत्या तिकडे बघत म्हणाली, “सारा दिन उनके साथ बैठ के देखो.”

मला तिची दया आली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला एवढंच वाटलं की हिला खोली माझ्याइतकीच हवी आहे, आणि हे फार वाईट झालं.

“ठीक है,” मी म्हटलं. “मैं डिब्बे नहीं देखी. आप रबर नहीं देखी.”

“मैंने,” ती म्हणाली.

“क्या?”

“मैंने डिब्बे नहीं देखे. आपने रबर नहीं देखा. इतने साल हो गए यहाँ, बोलना तो सीख लो.”

वाफ उतरली. मी झाकण उघडलं. बाराही अर्धी जागच्या जागी. तिने वाकून बघितलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. त्यावरून मला कळलं की छान झालीत.

बागेत ऊन चांगलं पडलं होतं. सेक्रेटरीसाहेबांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि त्यांचे नवे दात एकमेकांवर अलगद टेकलेले मला दिसले. त्यांनी दुसरं अर्धं मागितलं. मग नमकीनची मूठ घेतली आणि तेही बढ़िया म्हणाले. समोरची मान खाली घालून, घर का है जी, असं पुटपुटली. मी आकाशाकडे बघत होते. करार पाळला जात होता.

करारात माताजींना घ्यायला आम्ही विसरलो होतो.

त्या शाल पांघरून खुर्चीत बसल्या होत्या, आणि सगळं टेबल ऐकेल अशा आवाजात म्हणाल्या, “सेव तो अच्छा बनेगा ही. रबर हमारा है.”

“कौन सा रबर, माताजी?” सेक्रेटरीसाहेबांनी विचारलं.

“कुकर का. सुबह ये ले गई. बहू थी नहीं घर पर. करोल बाग गई थी.” त्यांनी बेदाणा चावून गिळला. “नमकीन लेने.”

पन्नास माणसं एकाच वेळी आमच्याकडे वळली. अर्धी तिच्याकडे, अर्धी माझ्याकडे. 

“आपसे कुछ बनता भी है?” मी तिला म्हटलं.

“आपके घर में कुछ अपना भी है?” ती मला म्हणाली.

मग आम्ही दोघींनी वर्षभराचं एकदम काढलं. खाली निघालं, मैंने निघालं, डब्यातला डबा निघाला. सेक्रेटरीसाहेबांनी पाणी मागितलं. पाणी प्यायले, तिसरं अर्धं सफरचंद उचललं, आणि ते संपेपर्यंत विचार केला.

“हाथ इनका, रबर उनका,” ते म्हणाले. “सेव इनका मुलायम है, नमकीन उनका अच्छा है. तो सुबह आप, और शाम को आप.”

“इनके साथ?” आम्ही दोघी एकदमच म्हणालो. तेवढं एकच वाक्य आम्ही आयुष्यात एकत्र बोललो.

संध्याकाळी मी रिंग धुऊन तिच्या दाराच्या कडीला अडकवली. रबराला वास धरतो. महिनाभर तिच्या राजम्याला दालचिनीचा वास येत होता, असं मला माताजींनी फार समाधानाने सांगितलं.

खोली आमची झाली. सकाळी माझे पोहे आणि थंडीत सफरचंदं, संध्याकाळी तिचं नमकीन, आता उघड उघड करोल बागेचं. दुपारी दोन वाजता ती यायची, मी पुसलेला ओटा माझ्यादेखत पुन्हा पुसायची आणि चारपर्यंत परत वर जायची. मीही सकाळी तेच करायचे. तो ओटा आमच्या सेक्टरमधला सर्वांत स्वच्छ ओटा असणार. एका कोपऱ्यात माझ्या नवऱ्याने टेबल टाकलं. लोक त्याच्याकडे कुकर घेऊन यायला लागले, रिंग बदलायला, शिट्टी साफ करायला, मग मिक्सर, मग गिझर. सकाळी आठला तो जिना उतरायचा आणि जेवायलाच वर यायचा. वर्तमानपत्र घडी न मोडता पडून राहू लागलं.

दुपारी, आम्ही दोघी घरी असताना, त्याला शोधत लोक वर आमच्या दारापर्यंत यायचे. भाईसाहब हैं? एव्हाना मला हिंदी उत्तम येत होती. तरी मी दार उघडून, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणायचे, “खाली हैं.”

आणि समोरच्या बंद दाराआडून, कधीही न चुकता, वैतागलेला आवाज यायचा, “नीचे. नीचे हैं, दुकान पर.”

मी हे मुद्दाम करते हे तिला ठाऊक होतं. तरी तिने एकदाही माझं ‘खाली’ न सुधारता जाऊ दिलं नाही.